बर्डीतलं दोनशे चाळीसचं पिवळं मीटर आणि माझी २०११ ची गाडी

हे मीटर घेतलं तेव्हा मी ऑलरेडी चार हजाराची बॅटरी विनाकारण बदलून बसलो होतो, म्हणून आधीच सांगतो, रिव्ह्यू थोडा जळक्या मनाने लिहिलेला आहे. जळकं मन मीटरवर नाही, स्वतःवर.

तर वस्तू म्हणजे ते व्होल्टेज, करंट वगैरे मोजायचं पिवळं डिजिटल मल्टिमीटर, ८३० सिरीजचं, हातात मावते एवढं, मधात गोल खटका, खाली तीन भोकं, एक लाल वायर एक काळी. सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे, डिप्लोमाच्या पोट्ट्यांच्या बॅगेत असते ते. वेगवेगळ्या नावाने मिळते, आत जवळपास एकच माल. मी नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आमच्या बर्डीत, मोदी नंबरच्या गल्लीतून घेतलं, दोनशे चाळीसला, तो अडीचशे सांगून राहिला होता, दहा रुपये कमी केले म्हणून मी खूश, चार हजार गेले ते वेगळे.

गाडी एमएच ३१ पासिंगची, २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, मी तिसरा मालक. कंपनीचं नाव नाही घेत, तिची काही चूक नाही, एवढ्या वर्षांत माणसाच्याही नसा दुखतात. घेताना मी बॉडी पाहिली, टायर पाहिले आणि एसी थंड करते का ते पाहिलं, नागपुरात जुनी गाडी घेणारा एवढंच पाहते. वायरिंग कोण पाहते? रोज मानेवाड्याहून हिंगण्याला जाणं-येणं, पहिले सहा महिने काही नाही, मग एकेक सुरू झालं.

पहिलं म्हणजे सेल्फ, इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर. मे महिना, नवतपा (मेअखेरचे भयंकर तापणारे नऊ दिवस) लागलेला, सकाळी नऊलाच सीटवर बसवत नाही अशी परिस्थिती, चाबी फिरवली की टक टक टक आणि इंजिन हूं की चूं नाही. कधी लागायची, कधी नाही. एका गॅरेजवाल्याने पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं बॅटरी गेली, उन्हाळ्यात जातेच. आता हे खोटं नाही, आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचं पाणी उडते, आतल्या प्लेटा लवकर गंजतात, थंड गावात पाच वर्षं चालणारी बॅटरी इथे तीन वर्षांत हात वर करते. म्हणून मी पण मान हलवली. नवी बॅटरी टाकली, तीन आठवडे मस्त, मग पुन्हा टक टक टक. दुसरीकडे नेली तर तो म्हणे सेल्फ काढा, अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करते तो) पण चेक करावा लागेल, धरून चला साडेआठ-नऊ हजार. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी बर्डीत गेलो.

घरी आलो, खटका डीसी वीसवर, म्हणजे वीस व्होल्टपर्यंतच्या रेंजवर ठेवला (गाडीसाठी निम्म्याहून जास्त काम याच एका रेंजवर होते), लाल प्लसला, काळी निगेटिव्हला, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी सकाळी रीडिंग १२.५. म्हणजे बॅटरी चांगली. १२.६ च्या आसपास असली की फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा, हे आकडे मी आता पहाटे उठवून विचारले तरी सांगीन. गाडी धक्का मारून चालू केली, इंजिन चालू असताना १४.१. म्हणजे अल्टरनेटर पण ठीक, पावणेचौदा ते साडेचौदाच्या मधात असलं की त्याला हात लावायचं काम नाही. तिथेच माझे अल्टरनेटरचे पैसे वाचले, दोन मिनिटांत, आणि तो माणूस न पाहता नऊ हजार सांगून मोकळा.

पण मग लागून काऊन नाही राहिली?

इथे मला मुलाची मदत लागली. तो चाबीवर बसला, मी बोनेटमध्ये. बॅटरीच्या खांबांवर मीटरच्या वायरा धरल्या आणि म्हटलं मार सेल्फ. टक. मीटरवर ११.९. आता गंमत समजून घ्या, बॅटरी मेली असती तर सेल्फ मारल्यावर व्होल्टेज साडेनऊच्याही खाली पडलं असतं. इथे पडलंच नाही, म्हणजे बॅटरीकडून कोणी पुरेसा करंट घेतच नव्हतं, रस्त्यात कुठेतरी अडलं होतं. मग काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल वायर थेट इंजिनच्या उघड्या धातूवर, खटका तोच, पुन्हा सेल्फ मार. हे रीडिंग ०.२ च्या आत पाहिजे. माझ्याकडे पावणेतीन आलं. एवढे व्होल्ट नुसते अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिनशी जोडणाऱ्या तारेत, खपून राहिले होते. ती पट्टी गिअरबॉक्सवर जिथे बोल्टने कसली असते तिथे मी टॉर्च मारला तर वरून छान दिसते, बोल्ट खोलला तर खाली हिरवट पांढरं पीठ आणि गंज. पॉलिश पेपरने दोन्हीकडचं चकाकेपर्यंत घासलं, पट्टीच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टखाली बसते ती धातूची कडी) लावून घेतलं, बोल्ट कसला, थोडं व्हॅसलीन. सगळा खर्च साठ रुपये. रीडिंग ०.०९. पहिल्या चाबीत गाडी लागली आणि पोट्टं आतून ओरडलं, बाबा झालं! मी त्या जुन्या बॅटरीचा विचार करत होतो जी एक्सचेंजमध्ये देऊन आलो, चांगली होती बिचारी.

मीटर नसलं तरी हा फॉल्ट पकडता येते तसा, जंपर केबल असली तर काळी केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ इंजिनला लावा, तेवढ्याने गाडी लागली तर अर्थिंगच खराब आहे. पण आकडा दिसला की भांडता येते, हा फरक आहे.

दुसरा किस्सा पावसाळ्यातला. मागचा डावा इंडिकेटर दिला आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद व्हायचा, आणि समोरचे पार्किंग लाइट आपोआप अंधुक लागायचे. मी समोर उभा, बायको ब्रेकवर, म्हणे अहो भूत आहे का गाडीत. भूत नव्हतं, तीच भानगड. मागच्या लाइटच्या होल्डरची अर्थिंग गेली की करंटला परत जायला रस्ता राहत नाही, मग ते दुसऱ्या बल्बांच्या तारेतून उलटं फिरून रस्ता शोधते, आणि जे बल्ब लागायलाच नको ते लागतात. होल्डरच्या अर्थिंगच्या पिनला लाल वायर, बॉडीच्या स्वच्छ बोल्टला काळी, लाइट चालू ठेवून पाहिलं तर चार व्होल्टच्या वर. तिथे जवळपास शून्य पाहिजे. लाइटचं रबर सुकलं होतं, त्यातून पाणी गेलं, होल्डर सडला. काढून घासला, रबर बदललं, अर्धा तास.

आता थोडं माझ्या मूर्खपणाबद्दल, कारण हे मीटर घेणाऱ्या दहापैकी चार जण हेच करणार. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. म्हणजे बंद गाडीत कोणीतरी करंट पिऊन राहिलं आहे. हे पाहायला बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात टाकायची, खटका पण दहा अँपिअरवर, आणि मीटर केबल आणि खांबाच्या मधात जोडायचं म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. दरवाज्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलून ठेवायचं नाहीतर केबिनचा लाइट मोजत बसाल, आणि अर्धा तास वाट पाहायची, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक डब्ब्या झोपायला, म्हणजे पूर्ण बंद व्हायला, वेळ लागते. आणि मीटर असं लावलेलं असताना सेल्फ मारायचा नाही म्हणजे नाही, शंभराच्या वर अँपिअर जातात त्याला, दहाच्या मीटरचा धूर होईल. मी हे सगळं बरोबर केलं, रीडिंग आलं ०.३८. पन्नास मिलीअँपिअर म्हणजे ०.०५ च्या आत पाहिजे. ०.३८ ला चोवीसने गुणा, दिवसाला नऊ अँपिअर-अवर, माझी बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची, चौथ्या दिवशी खलास. हिशोब अगदी जुळला तर मी इतका खूश झालो की केबल परत लावली आणि म्हटलं आता बॅटरीचं व्होल्टेज पाहू, खटका वीसवर फिरवला, पण लाल वायर तशीच दहा अँपिअरच्या भोकात.

फट्.

प्रोबचं, म्हणजे वायरच्या सुईचं, टोक वितळून खांबावर ठिपका पडला, वायर हातात गरम, जळकट वास, आणि मी दोन फूट मागे. त्या भोकात वायर असली की मीटर म्हणजे नुसती एक जाड तार, बॅटरीचे दोन खांब तारेने जोडल्यासारखं. या स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूज पण नसते, बारीक अक्षरात तिथेच छापलेलं असते, कोण वाचते. मीटर वाचलं हे नशीब. वायरांचा नवा जोड साठ रुपयांत घेतला, आधीच्यापेक्षा जाड. तेव्हापासून करंट मोजून झाला की पहिले लाल वायर मधल्या भोकात, मग बाकी सगळं, मग बायको हाक मारत असली तरी.

ते ०.३८ शोधायला मी फ्यूज काढत बसलो नाही. प्रत्येक चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. खटका दोनशे मिलिव्होल्टवर, दोन्ही ठिपक्यांवर दोन वायरा. करंट जात नसेल तर शून्य, जात असेल तर थोडंसं काहीतरी येते. ही ट्रिक मला या पूर्ण मीटरची वसुली वाटते, एकही फ्यूज न उपटता अख्खा डब्बा पाच मिनिटांत होते. बाकी सगळे शून्य, म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजवर आकडा. स्टिरिओ बाहेर ओढला तर आधीच्या मालकाने (किंवा त्याच्या आधीच्याने) पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टेप मारलेला. पिवळी मेमरीची, तिला कायम लाइन पाहिजे, लाल चाबीसोबत चालू-बंद व्हायला पाहिजे. दोन्ही एक केल्या म्हणजे स्टिरिओ रात्रभर अर्धवट जागा. टेप उन्हाने चिकट होऊन बोटाला लागला, इन्सुलेशन टेपचं नागपुरी उन्हात दोन वर्षांत गुळासारखं होते. वेगळ्या केल्या, लाल चाबीच्या लाइनवर घेतली, रीडिंग ०.०२.

तर इथपर्यंत पाच स्टार. आता कापतो.

हॉर्न बंद पडला. नागपुरात ब्रेकशिवाय एखादवेळी चालेल, हॉर्नशिवाय नाही. मी आता स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो होतो. हॉर्नचा कनेक्टर काढला, मुलाने बटण दाबलं, मीटरवर १२.४. लाइन येऊन राहिली म्हणजे हॉर्न गेला, सोपं आहे. साडेतीनशेचा नवीन हॉर्न आणला, लावला, गप्प. पुन्हा मोजलं, १२.४. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी सक्करदऱ्याकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, रस्त्यालगत टपरी, बोर्डवर नाव नाही नुसतं सेल्फ डायनॅमो वायरिंग लिहिलं आहे, त्यांच्याकडे गेलो आणि मोठ्या ऐटीत सांगितलं काका, लाइन बारा पॉइंट चार येते. त्यांनी माझ्या मीटरकडे असं पाहिलं जसं भाजीवाल्याकडे कोणी वजनकाटा घेऊन गेलं. खिशातून एक टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे काय तर इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरा सोल्डर केलेल्या, तो कनेक्टरला लावला, बटण दाबायला सांगितलं. बल्ब लागलाच नाही. मीटर लावलं, १२.४. बल्ब लावला, अंधार.

"तुझं मीटर काही खात नाही ना बेटा," काका म्हणाले, "बल्ब खाते. ज्याला भूक आहे त्याला विचार डब्ब्यात किती आहे."

बंपरच्या मागे जिथे वायर वाकते तिथे त्यांनी नखाने दाबून दाबून पाहिलं, एका जागी वायर मऊ लागली, ब्लेडने चिरली तर आत तांबं हिरवं होऊन भुकटी झालेलं आणि एकच केसाएवढी तार शिल्लक. मीटर जवळजवळ शून्य करंट घेते, त्याला त्या एका तारेतून पण पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. हॉर्नला चार-पाच अँपिअर पाहिजे, ते त्या केसातून कुठून जाणार. म्हणजे मीटर खोटं बोललं नाही, मीच प्रश्न चुकीचा विचारला. कनेक्टर लावलेलाच ठेवून, हॉर्न जोडलेला असताना मागून प्रोब टोचून मोजलं असतं तर दोन-अडीच व्होल्ट दिसले असते आणि साडेतीनशे वाचले असते. काकांनी सहा इंचाची वायर जोडली, वरून हीट श्रिंकची (गरम केली की आवळते ती) नळी, शंभर रुपये घेतले आणि जुना हॉर्न डिकीत पडला आहे अजून, तो पण चालते.

त्यामुळे मीटरसोबत इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब, एक होल्डर आणि दोन मीटर वायर घेऊन घरीच टेस्ट लॅम्प करा, पन्नास रुपयांत होते. फक्त तो एअरबॅगच्या लाइनला किंवा इंजिनच्या सेन्सरच्या वायरांना लावू नका, तिथे करंट ओढणारं काही नकोच. स्टिअरिंगखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते बहुतेक एअरबॅगचे, तिथे मीटर पण नको.

बाकी मीटरच्या वस्तू म्हणून तक्रारी. सोबत आलेली नऊ व्होल्टची बॅटरी फालतू होती, आणि ती उतरली की हे मीटर बंद पडत नाही, उलट रीडिंग वाढवून दाखवते. एके दिवशी उभ्या गाडीत १३.९ आलं, मी म्हटलं ही कोणती जादू. तेव्हा अधूनमधून रिमोटच्या नवीन सेलवर किंवा दुसऱ्याच्या मीटरवर ताडून पाहत जा. आपोआप बंद होत नाही, खटका ऑफवर न्यायचा विसरलात की आठवड्याभरात बॅटरी गेली, मी दोन घालवल्या. स्क्रीनला लाइट नाही, संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च दातात धरावा लागते. आणि हे फक्त आपल्याकडेच होत असेल, मे महिन्यात दुपारी डॅशबोर्डवर राहिलं तर स्क्रीन पूर्ण काळी झाली. मला वाटलं गेलं. घरात आणून पंख्याखाली ठेवलं तर अर्ध्या तासात आकडे परत आले. ते काही बिघडत नाही म्हणा, पण सिग्नलला उभं राहून घाम फुटला.

घरच्या लाइनला, म्हणजे बोर्ड, कूलरची मोटर, तिथे मी हे वापरत नाही. साडेसातशे व्होल्ट लिहिलेलं आहे खटक्यावर, पण त्या पातळ वायरा आणि आतली मटेरियल पाहून माझा विश्वास नाही बसत. बारा व्होल्टला झटका लागत नाही, दोनशे तीसला लागते. कूलरवाल्याला बोलावतो.

एकूण पाचपैकी चार, अर्धा हॉर्नचा कापला (तो खरं तर माझा आहे) आणि अर्धा त्या फ्यूज नसलेल्या भोकाचा. गाडीवाल्यांना पुरते. हजार-दीड हजारात चांगल्या कंपनीची मिळतात, आपोआप बंद होणारी, फ्यूजवाली, रोज हेच काम असेल तर ती घ्या.

घेताना दुकानातच डब्बा उघडा. खटका कंटिन्युटीवर (तार सलग आहे का ते आवाजाने सांगते ती जागा) ठेवून वायरांची दोन्ही टोकं एकमेकांना लावा, टीं वाजलं पाहिजे, काही मॉडेलला बझरच नसतो आणि दुकानदार सांगत नाही, बोनेटमध्ये मुंडकं घालून स्क्रीन पाहता येत नाही तेव्हा तो आवाजच कामाला येते. वायरा हलवून हलवून पाहा, आवाज तुटत असेल तर दुसरी जोडी मागा. माझ्या मागे त्या दिवशी तीन गिऱ्हाईक उभे होते आणि तो म्हणे भाऊ घरी जाऊन पाहा ना. मी नाही पाहिलं तिथे, आणि माझी काळी वायर पहिल्याच आठवड्यात मुळाशी तुटली.

सध्या मागची डावी काच खाली जाऊन वर येत नाही. दरवाजा अर्धा उघडा ठेवला की येते, पूर्ण उघडला की नाही. मला अंदाज आहे, दरवाजा आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटली असेल, उघडझाप करून करून तिथेच तुटते. रविवारी नळी खोलतो. यावेळी बल्ब घेऊन.